गेरूखालची नागीण

“व्हीझेडव्ही पॉझिटिव्ह,” मॅडम म्हणाल्या आणि हातातला कागद माझ्या उशीशेजारी ठेवला. “व्हॅरिसेला झोस्टर व्हायरस. कांजिण्यांचा विषाणू. तुमच्या मेंदूच्या आवरणाला कांजिण्या झाल्यात, असं समजा.”

मी एकोणतीस वर्षांचा आहे आणि माणिकपूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. कांजिण्या मला पहिलीत असताना येऊन गेल्या होत्या. त्यामुळे हे ऐकून पहिल्यांदा जे वाटलं ते भीती नव्हे, थोडासा अपमानच. लहान मुलांचा आजार, आणि तोही दुसऱ्यांदा. मग सुटका वाटली, कारण त्याच दिवशी माझ्यावर क्षयाच्या मेनिंजायटिसचे उपचार सुरू व्हायचे होते. ते वर्षभर चालले असते, आणि ज्या विषाणूने डोक्यात मुक्काम ठोकला होता त्याच्यावर त्या गोळ्यांचा काडीचाही परिणाम झाला नसता.

हे निदान व्हायला चार दिवस लागले. त्यातले तीन माझ्यामुळे लागले. एरवी धडधाकट असलेल्या, तिशीच्या आतल्या ज्या कोणाला असं काही होईल त्याने निदान माझ्यासारखं वागू नये, म्हणून हे लिहितो आहे.

सुरुवात मे महिन्यातल्या एका बुधवारी झाली. डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली जळजळ होऊ लागली. चंदनसारला आमच्या इमारतीची लिफ्ट बंद होती आणि मी पाण्याचे कॅन चौथ्या मजल्यावर चढवले होते, तेव्हा स्नायू दुखावला असेल असं वाटलं. शुक्रवारी तिथे फोड आले. पाठीच्या मधोमध सुरू होऊन काखेखालून छातीपर्यंत आलेली एक पट्टी. शर्टचं कापड लागलं तरी चटका बसायचा.

ही नागीण आहे हे मला पाहताक्षणी कळलं. कळायलाच हवं होतं. फेब्रुवारीत आमच्या कॉलेजात विज्ञान दिनाला मी ‘नागीण : समज आणि गैरसमज’ या विषयावर बोललो होतो. भाषणापेक्षा सत्काराला जास्त वेळ लागला. शाल, नारळ, पाहुण्यांच्या हस्ते माझा आणि माझ्या हस्ते पाहुण्यांचा, असा दुहेरी कार्यक्रम होता. नागिणीची दोन टोकं जुळली की माणूस मरतो ही समजूत खोटी आहे, गेरू लावून ती थांबत नाही, फोड आल्यावर लवकर डॉक्टरांकडे जा, विषाणूविरोधी गोळ्या मिळतात, हे सगळं मी पडद्यावर दाखवून सांगितलं होतं. ‘बऱ्याचदा ती आपोआप बरी होते’ अशीही एक ओळ होती. स्वतःवर वेळ आली तेव्हा मला नेमकी तेवढीच ओळ आठवली.

आई-वडील तेव्हा भावाकडे नागपूरला होते. शनिवारी माझी हिराआत्या सुकटीचं कालवण घेऊन आली. आत्याचं गाव खाडीकाठी आहे. आमचं मूळ घरही तिथलंच. मी उघडाच बसलो होतो.

“ही नागीन हाय,” डबा खाली ठेवायच्या आधीच ती म्हणाली. “कवा आली?”

“काल. होईल बरी.”

“व्हईल ना. दोन्ही तोंडं मिलाली का व्हशील कायमचा बरा. उद्या सकालच्या पारी यमुनाबायकडं चल. कायबी खाऊ नको.”

मी हसलो. पण रात्रभर ती पट्टी इस्त्री ठेवल्यासारखी जळत होती. सकाळी आत्या रिक्षा घेऊन दारात उभी राहिली तेव्हा मी निमूट बसलो. वाटेत स्वतःची समजूत घातली की हे निरीक्षण आहे. शिकलेल्या माणसाला अंधश्रद्धेत शिरायचं असलं की तो आधी तिला निरीक्षण म्हणतो.

यमुनाबाय सत्तरीच्या आहेत. गावात नागीण ‘बांधायचं’ काम त्यांच्याकडे त्यांच्या सासूकडून आलं. त्यांनी मला अंगणात पूर्वेकडे तोंड करून बसवलं, पट्टीचं एक टोक कुठे आहे, दुसरं कुठे, हे बोट न टेकवता नीट पाहिलं. मग दोन्ही टोकांना गेरूची जाड रेघ ओढली, मधला भाग लिंपला आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत तांदळाचे दाणे ओवाळले. एक दिवसाआड असे तीन लेप. तोवर मासळी नाही, साबण नाही. गार गेरूने दोन-चार मिनिटं खरंच बरं वाटलं. दुसरा लेप मंगळवारी झाला. तिसरा गुरुवारी व्हायचा होता.

सोमवारपासून डोकं दुखत होतं. उन्हाळा आहे, झोप नाही, पेपर तपासून झालेत, म्हणजे दुखणारच. बुधवारी दुपारी ताप चढला. संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या आणि खिडकीतला उजेड डोळ्यांत सुईसारखा घुसायला लागला. पडलेला मोबाइल पाहायला मान खाली वाकवली तर ती वाकेचना. मान दुखणं वेगळं आणि मान न वाकणं वेगळं, हा फरक एकदा अनुभवला की विसरत नाही. ताप, जबर डोकेदुखी, उलटी, उजेड सहन न होणं आणि ताठलेली मान : यातल्या दोन-तीन गोष्टी एकत्र आल्या तर उन्हाळ्याला दोष देत बसू नका, तडक दवाखाना गाठा.

शेजारच्या काकांना हाक मारली. ते गाडी काढेपर्यंत मी एक काम उरकलं. अंघोळीच्या साबणाने गेरू घासून काढला. शरीर कोसळत असताना मला काळजी कशाची होती, तर डॉक्टर काय म्हणतील याची.

वसईतल्या ज्या रुग्णालयात मला नेलं त्याचं नाव सांगत नाही. तिथल्या उपचारांबद्दल माझी तक्रार नाही, सजावटीबद्दल थोडी आहे. लॉबीत काळ्या ग्रॅनाइटवरून सतत पाणी वाहत असतं. आमच्याकडे नळाला पाणी दिवसाआड येतं. स्ट्रेचरवरून जाताना त्या तापातही माझ्या मनात आलं की वसई-विरारचं पाणी अखेर सापडलं.

वॉर्डातल्या सिस्टरनी मला ओळखलं. “सर, तुम्ही? माझी मुलगी तुमच्याकडे बारावीला आहे. तुमचं ते नागिणीचं भाषण तिने घरी येऊन आम्हाला सगळं ऐकवलं. माझ्या सासूबाईंशी भांडली त्यावरून.”

मी कसंबसं हसलो. त्या मला रुग्णालयाचा झगा घालायला मदत करत होत्या. गेरू साबणाने पुरता जात नाही. त्यांना पाठीवर तांबूस डाग दिसला.

“हे लाल काय, सर?”

“रक्तचंदन,” मी म्हणालो. “घामोळं आलंय.”

इतक्या वेदनेत मला हे सुचलं याचं आजही आश्चर्य वाटतं. गेरू म्हटलं असतं तर अंधश्रद्धा ठरली असती. रक्तचंदन म्हटलं की आयुर्वेद होतो. सिस्टरनी मान डोलावली आणि नाडी बांधली. त्यांनी लिहिलेल्या नोंदीत ‘घामोळं’ असं आलं, आणि पुढच्या प्रत्येकाने ती नोंद वाचली.

खोटं बोलताना मला हे खोटं धोक्याचं आहे असं वाटलंच नाही. माझ्या हिशेबी नागीण कातडीची होती आणि डोकेदुखी डोक्याची. दोघींचा संबंध असेल ही शंकाही आली नाही. नागिणीवर व्याख्यान देणाऱ्याचं ज्ञान एवढंच होतं.

गुरुवारी आधी एमआरआय झाला, मग लंबर पंक्चर. म्हणजे कंबरेच्या दोन मणक्यांमधून सुई घालून मज्जारज्जूभोवतीचं पाणी काढणं. या पाण्याला सीएसएफ म्हणतात. लोकांना या तपासणीची फार भीती असते. पांगळं होतो वगैरे. तसं काही होत नाही. कुशीवर वळून गुडघे पोटाशी घ्यायचे, हलायचं नाही. बधिर करण्याची सुई थोडी टोचते, पुढे दाब जाणवतो. अंगावर हिरवं कापड असतं आणि त्याला कंबरेपाशी एक भोक. डॉक्टरांना तेवढंच दिसतं. माझा फरा कापडाखाली सुखरूप होता.

रुग्णालयाच्या न्यूरोफिजिशियन, म्हणजे मेंदू आणि मज्जातंतूंच्या डॉक्टर, यांना सगळे नुसतं ‘मॅडम’ म्हणत. त्यांची फेरी सकाळी अकराला निघे. पुढे एक जण दार उघडायला, मागे फाइल धरणारे, त्यांच्यामागे मोबाइल धरणारा, आणि सर्वांत मागे सिस्टर, ज्यांना रुग्णाबद्दल खरोखर माहिती असे. मॅडमना स्वतःला या मिरवणुकीचं काही नसावं. त्या खुर्ची ओढून बसत आणि सरळ बोलत.

“पाण्यात पांढऱ्या पेशी खूप आहेत. बहुतेक लिम्फोसाइट्स,” शुक्रवारी त्या म्हणाल्या. लिम्फोसाइट्स ही पांढऱ्या पेशींची एक जात. “नेहमीच्या जिवाणूंमुळे वाढतात त्या पेशी वेगळ्या. याचा अर्थ विषाणू असेल, नाहीतर क्षय. प्रथिनं वाढलीत, साखर किंचित कमी आहे. ते मला क्षयाकडे नेतंय.”

“क्षयाची तपासणी?”

“जीनएक्स्पर्ट निगेटिव्ह आली. पण या पाण्यात ती निगेटिव्ह आली म्हणून क्षय नाही, असं म्हणता येत नाही. आपल्याकडे क्षय चुकवणं परवडत नाही. नागीण, हर्पीस, तोंडाभोवती फोड, अंगावर पुरळ, असं काही?”

“नाही,” मी म्हणालो.

तिथे सिस्टर उभ्या होत्या. त्यांच्याकडे न बघता मी नाही म्हणालो. आता ‘हो’ म्हटलं तर आधीचं रक्तचंदन उघडं पडलं असतं. एका अक्षराचा प्रश्न होता. मी ते गिळलं.

“शनिवारची संध्याकाळ पाहू,” मॅडम म्हणाल्या. “सुधारणा नसेल तर रविवारपासून एकेटी सुरू.” एकेटी म्हणजे क्षयावरचे उपचार, सोबत स्टेरॉइड.

सुधारणा नव्हती. शनिवारी दुपारी तर मला आमच्या इमारतीचं नाव आठवायला वेळ लागला. ते लगेच आठवलं, पण त्या चार-पाच सेकंदांत मी जितका घाबरलो तितका आयुष्यात कधी घाबरलो नाही. आयुष्यभर जे थोडंफार वाचलं ते ज्या डब्यात ठेवलं होतं, त्याच डब्याला कोणीतरी आतून हात लावत होतं.

आत्याला मी फोनवर ‘साधा ताप आहे, येऊ नकोस’ असं सांगितलं होतं. ती बोलेल याची भीती. पण शेजारच्या काकांनी तिला खरं सांगितलं, आणि शनिवारी भेटीच्या वेळेत ती हजर झाली. हातात पिशवी, पिशवीत स्टीलची डबी. खाटेजवळ येऊन तिने कपाळाला हात लावला, डोळे पुसले आणि डबीचं झाकण उघडलं. आत कालवलेला गेरू होता.

“आत्या, इथे नको,” मी म्हणालो.

“अर्धी बांधलेली ठेवायची नसते, बाला. तिसरा हात राहिलाय. यमुनाबायनी सवता भिजवून दिलाय. कूस बदल.”

“आत्या, हे हॉस्पिटल आहे.”

“मंग काय झाला? मी तुझ्या डाक्टरला कुठं आडवतंय?”

त्याच वेळी मॅडम आत आल्या. एकट्याच होत्या. संध्याकाळच्या फेरीला मिरवणूक नसे. त्यांनी डबीत पाहिलं.

“काय आहे हे, मावशी?”

“गेरू. नागीन बांधायला.”

“कोणाची नागीण?”

“याची. पाठीवरची.” आत्याला प्रश्नच कळेना. “तुमाला दाखवली नाय त्यानं?”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. त्यांनी मला कुशीवर वळवलं, नाडी सोडली, मोबाइलचा उजेड पाठीवर टाकला आणि पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

“शिंगल्स,” त्या म्हणाल्या. “हर्पीस झोस्टर. खपल्या धरल्यात.” मग मला सोडून त्या आत्याशी बोलायला लागल्या. “मावशी, फोड कधी आले?”

“सुक्रवारी. त्याच्या आदी दोन रोज जलत व्हता. रैवारी पयला हात, मंगलवारी दुसरा. मनक्यापासून निंगून हितवर आली, छातीच्या मध्यावर थांबली. पल्याड गेली नाय.”

“लहानपणी कांजिण्या आल्या होत्या?”

“बाया?” आत्याकडे कांजिण्यांना बाया म्हणतात. “आलेल्या ना. पयलीत व्हता. माझ्याकडंच व्हता. आंगभर. टालूत पन.”

चार दिवसांत माझ्या आजाराचा इतका नेटका वृत्तांत मॅडमना पहिल्यांदाच मिळत होता, आणि तो देणारी बाई दुसरीपर्यंत शिकली होती. मॅडमनी तिथूनच फोन लावला. लॅबच्या फ्रिजमध्ये माझ्या पाठीचं थोडं पाणी शिल्लक होतं. ते पीसीआरसाठी पाठवायला सांगितलं. पीसीआर म्हणजे नमुन्यातला विषाणूचा जनुकीय अंश अनेक पटींनी वाढवून शोधण्याची पद्धत. अहवालाची वाट न पाहता असायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध सलाइनमधून सुरू केलं. एकेटी थांबवून ठेवली.

जाताना त्या एवढंच म्हणाल्या, “सर, तुम्ही परीक्षेत अर्धं समीकरण लिहून पूर्ण गुण मागता का?”

रविवारी तो कागद आला.

माझी मान सोमवारी संध्याकाळी थोडी वाकली. असायक्लोव्हिर दर आठ तासांनी, दोन आठवडे. मूत्रपिंडावर ताण येऊ नये म्हणून भरपूर पाणी आणि एक दिवसाआड क्रिएटिनिनची तपासणी. मूत्रपिंडं नीट काम करतात की नाही ते त्यातून कळतं. उजेड सोसत नव्हता म्हणून वाचता येत नव्हतं. मग मी प्रश्न विचारत सुटलो, आणि मॅडमना प्रश्न आवडत असावेत.

त्यांनी सांगितलं ते असं. कांजिण्या बऱ्या होतात, विषाणू जात नाही. मणक्याच्या दोन्ही बाजूंना मज्जातंतूंच्या पेशींच्या गाठी असतात. त्यांना गँगलिया म्हणतात. तिथे तो वर्षानुवर्षं झोपून राहतो. जागा झाला की ज्या गाठीत असेल तिच्या तंतूवरून कातडीपर्यंत येतो. एका तंतूचा मुलूख शरीराच्या एकाच बाजूला असतो, म्हणून पट्टी मध्यरेषेवर थांबते. यमुनाबायचे जितके रुग्ण मरायचे राहिले ते याच कारणाने. क्वचित हा विषाणू बाहेर येताना आतही वळतो आणि मेंदूच्या आवरणापर्यंत पोचतो. कधी फोड आधी, कधी डोकेदुखी आधी, आणि कधी फोड येतच नाहीत. मग निदान फारच अवघड.

“पण मलाच का?” मी विचारलं. एचआयव्ही नाही, मधुमेह नाही, प्रतिकारशक्ती शाबूत. “पेपर तपासण्याचा ताण? जागरण?”

“कारण दिलं की पेशंटला बरं वाटतं,” त्या म्हणाल्या. “माझ्याकडे नाही. धडधाकट तरुणांनाही होतं. कारण माहीत नाही.”

इतक्या मोठ्या पाटीमागे बसलेल्या माणसाकडून ‘माहीत नाही’ ऐकलं आणि मला त्यांच्यावर पूर्ण विश्वास बसला.

सिस्टरची मी माफी मागितली. त्या सलाइनचे थेंब मोजत होत्या. “मला तेव्हाच वाटलं होतं गेरू म्हणून,” त्या म्हणाल्या. “आमच्याकडे पण लावतात, सर. क्रूस काढून. पण तुमचं भाषण ऐकलेलं, म्हटलं सर कशाला लावतील.”

घरी आल्यावर महिनाभर थकवा होता. चौथा मजला हा हिमालय झाला. डोकं अधूनमधून दुखायचं आणि प्रत्येक वेळी मी गुपचूप मान वाकवून बघायचो. जूनच्या अखेरीस कॉलेज सुरू झालं. त्याआधी एकदा आत्याच्या गावी गेलो आणि यमुनाबायकडे गेलो. खरं सांगायचं तर त्यांना समजावायला गेलो होतो. म्हटलं, रोगी तुमच्याकडे आधी येतात, तर ज्यांना ताप आणि डोकेदुखी असेल त्यांना तरी डॉक्टरकडे पाठवत जा. मनात दोन-तीन सोपी वाक्यं तयार केली होती.

त्या पडवीत सुकट निवडत होत्या. माझं सगळं ऐकून घेतलं. दवाखाना, सुई, पाणी, विषाणू. हात थांबले नाहीत.

“दुसऱ्या हाताला आलास तवा डोकं दुखत व्हतं?” त्यांनी विचारलं.

“हो. सोमवारपासून.”

“मना का नाय सांगलंस?”

उत्तर मला माहीत होतं. यांना सांगून काय कळणार, असं मला वाटलं होतं.

“ताप, डोकं असल त्याला मी हात लावत नाय,” त्या म्हणाल्या. “माझे सासूचा नेम हाय. एक पोर गेलेला तिच्या हातचा, डोकं डोकं करत. तवापासून ती पयले इचारायची. मी पन इचारला व्हता तुला, ताप हाय का, डोकं दुखतं का. तू ‘नाय’ म्हनलास.”

विचारलं होतं. आता मला ते आठवलं. मंगळवारची सकाळ, ओला गेरू, मागून आलेला आवाज, आणि माझं ते घाईचं ‘नाय नाय’. मंत्राचाच काही भाग असेल असं समजून मी लक्ष दिलं नव्हतं.

“हो म्हनला असतास तर मंगलवारीच दवाखान्यात लावून दिला असता,” यमुनाबाय म्हणाल्या. त्यांनी सुकटीतला एक खडा काढून अंगणात टाकला. “माझ्यापासून डोकं लपवलास, डाक्टरपासून पाठ. मंग आमी दोगी कुनाला बरा करनार व्हतो?”

मी तयार केलेली वाक्यं तशीच परत घेऊन आलो. त्यांचा आणि मॅडमचा मी सारखाच ऋणी आहे, हे लिहिताना अवघडल्यासारखं होतं, पण खरं तेच आहे. दोघींनी मला ‘आणखी काही होतंय का’ हेच विचारलं होतं, आणि दोघींना मी तेच उत्तर दिलं होतं.